टाकीतलं शिसं

आमच्या गाडीला सकाळी मासळीचा वास यायचा आणि संध्याकाळी आमचा. सकाळच्या वासाबद्दल आम्ही तक्रार करायचो. संध्याकाळच्या वासाबद्दल गाडीवाल्याने कधी चकार शब्द काढला नाही.

गाडी आमची म्हणजे आमच्या मालकीची नव्हे. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी पालघरला राहायचो आणि तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, रंग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होतो. पालघरहून येणाऱ्या आम्हा चौघांसाठी कारखान्याने एक गाडी कंत्राटाने ठरवली होती. मुंबईत टॅक्सी म्हणून झिजून निघालेली, गोल पाठीची, छोटी, जुनी गाडी. मालक किनाऱ्यावरच्या मुरबे गावचा कोळी, पन्नाशी उलटलेला. त्याने ती गाडी होडीसाठी आणलेल्या तेलरंगाने आकाशी रंगवली होती, आणि होडीवर लिहितात तसं तिचं नाव पाठीवर लिहिलं होतं. नारळी पौर्णिमेला गाव समुद्राला नारळ वाहायचं तेव्हा हा एक नारळ समुद्राला आणि एक बॉनेटला वाहायचा.

पहाटे तो गावातल्या बायकांना पाट्यांसकट बोईसरच्या बाजारात सोडायचा. मग सीटवरचं गोणपाट काढून झटकायचा, उदबत्ती लावायचा आणि रिकामी गाडी घेऊन पालघरला यायचा. तरी वास राहायचाच. आमच्यातला एकजण, स्टोअर्स सांभाळणारा, नाकाला रुमाल लावूनच बसायचा. हाच माणूस दिवसभर ज्या पिंपांच्या शेजारी बसून जेवायचा त्यांचा वास कपड्यांतून दोन धुण्यांनीही जात नसे.

गाडीवाल्याला आम्ही नाखवा म्हणायचो. नाखवा म्हणजे होडीचा धनी, तिला समुद्रात नेणारा आणि परत आणणारा. आमच्या तोंडी त्या शब्दात थोडा मान आणि बरीचशी थट्टा होती. पण तो खरोखरीचा नाखवा होता. होडी विकून त्याने गाडी घेतली होती. का विकली ते त्याने मला एकदाच सांगितलं.

"आदी खाडीतल्या बोईट माशांना औषदाचा वास याला लागला," तो म्हणाला. "मंग कोलंबीला. मंग गिऱ्हाईक हातात घेतलेली मासळी हुंगून परत पाटीत ठेवाया लागलं."

कुठल्या कारखान्याचं औषध, हे त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. वसाहतीतल्या नाल्यात आमचा रंग कोणता आणि शेजारच्याचा कोणता, हे मला रस्त्यावरून ओळखता यायचं. त्यासाठी केमिस्ट असण्याचीही गरज नव्हती. आमच्याकडे कोणता माल चालू आहे हे वसाहतीतले चहावाले नाल्याकडे बघून सांगायचे.

गाडी तो होडीसारखीच चालवायचा, म्हणजे सावकाश. काटा चाळीसच्या वर गेलेला मी पाहिला नाही. कोळगाव, उमरोळी, बेटेगाव अशी गावं एकामागून एक जायची आणि एसटी, रिक्षा, प्रसंगी सायकलीही आम्हाला मागे टाकून जायच्या. संध्याकाळी बाकीचे तिघे स्टेशनजवळ उतरायचे. मीही तिथेच उतरतो म्हणायचो, कारण पुढे माझं घर दहा मिनिटांवर होतं. तो ऐकायचा नाही. घराच्या फाटकाशी आणून सोडायचा. "मदीच पान्यात उतरवत नाय मी कुनाला," असं म्हणायचा.

त्या सुमारास नवं पेट्रोल आलं. मुंबईत ते आधीच मिळू लागलं होतं, शिसं न घातलेलं. नव्या गाड्यांच्या धुराच्या नळकांड्यात जी काही नवी यंत्रणा असते तिला शिसं चालत नाही. आमच्या शेठनी अशीच एक नवी गाडी घेतली होती आणि तिच्यासाठी त्यांना पेट्रोल लांबून आणवावं लागत होतं. शेठ कारखानदारांच्या एका मंडळाचे अध्यक्षही होते. तेव्हा बोईसरच्या रस्त्यावरच्या एका पंपावर नवं पेट्रोल सुरू व्हायचं ठरलं तेव्हा ती केवळ पेट्रोलची गोष्ट राहिली नाही. मांडव पडला. बँड ठरला. 'स्वच्छ हवा, स्वस्थ पिढी' असा फलक रंगवून आला, आणि त्यातला भडक हिरवा रंग आमच्याच कारखान्याचा होता.

शेठ उद्घाटनाचं भाषण करणार होते, म्हणजे ते मी लिहिणार होतो. कारखान्यात मी वाचणारा माणूस म्हणून प्रसिद्ध होतो. या प्रसिद्धीचा उपयोग भाषणं, मानपत्रं आणि श्रद्धांजल्या लिहिण्यापुरता होता. हे भाषण मात्र मी मन लावून लिहिलं. शिसं हे हळूहळू भिनणारं विष कसं आहे, लहान मुलांच्या मेंदूवर ते काय करतं, हे लिहिलं. इतकी वर्षं ते पेट्रोलमध्ये का घालत होते तेही लिहिलं: इंजिन ठोके देऊ नये म्हणून, आणि व्हॉल्व्ह ज्या बैठकीवर सारखा आदळतो तिच्यावर शिशाचा पातळ थर बसून ती झिजू नये म्हणून. आणि पेट्रोलमध्ये घालतात ते धातूचं शिसं नव्हे, शिशापासून केलेलं एक द्रव रसायन असतं, असं एक वाक्य त्या रसायनाच्या नावासकट लिहिलं.

भाषण प्रशासन अधिकाऱ्याच्या टेबलावरून गेलं. त्याने ते वाक्य लाल पेनने खोडलं.

"शेठची जीभ अडकेल," तो म्हणाला. "आणि हे कॉलेज नाही. शिसं म्हटलं की लोकांना कळतं."

व्हॉल्व्हच्या बैठकीवरचं वाक्य मात्र त्याला आवडलं. ते त्याने सुधारून घेतलं: 'जुन्या इंजिनाला शिशाची गादी लागते.' गादी हा शब्द शेठना शोभेल असं त्याला वाटलं असावं.

समारंभाच्या दिवशी वारा नाल्याकडून होता. पंपाच्या मागूनच तो नाला जायचा आणि त्या दिवशी तो जांभळा होता. व्यासपीठावरची मंडळी गळ्यातले हार मधूनमधून नाकाशी नेत होती. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, फुलांची काय आवड आहे यांना. नारळ फुटला, फीत कापली, शेठच्या नव्या गाडीत पहिलं पेट्रोल भरलं आणि टाळ्या झाल्या. मग स्वच्छ हवेवर माझं भाषण झालं. शेठनी ते बरं वाचलं. शिसं हा शब्द ते असा उच्चारत होते, की जणू वसाहतीत तेवढं एकच विष होतं आणि ते आजपासून गेलं.

आमची गाडी मांडवाबाहेर उभी होती. नाखवा दाराला टेकून भाषण पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकत होता. इतक्या लक्षपूर्वक ऐकणारा तो एकटाच होता. बाकीच्यांचं लक्ष बटाटेवड्यांकडे होतं.

दुसऱ्या दिवशी उमरोळीच्या आसपास त्याने मला विचारलं. मी पुढे त्याच्या शेजारी बसायचो.

"सायेब, भाषन तुमी लिवलं ना?"

मी हो म्हणालो. ते त्याला कसं कळलं हे विचारायचंही विसरण्याइतका मी खूश झालो होतो.

"मंग सांगा. माजी गाडी जुनी. तिला शिसं लागतं. आता पंपावर शिशाचं पेट्रोल येनार नाय म्हनतात. ती मरल का?"

उत्तर मला माहीत होतं. वाचलेलं होतं. जी गाडी चाळीसच्या वर जात नाही, ओझं ओढत नाही, तिला नव्या पेट्रोलने वर्षानुवर्षं काही होत नाही. अधूनमधून मिस्त्रीकडून व्हॉल्व्ह तपासून घ्यायचे, एवढंच. दोन वाक्यांचं उत्तर होतं. पण दोन वाक्यांत उत्तर देण्याची सवय मला नव्हती, आणि मागच्या सीटवरचे तिघे ऐकत होते. मी म्हणालो, हा विषय जरा गुंतागुंतीचा आहे, इंजिनाचा धातू कोणता, त्यावर अवलंबून आहे, बघून सांगतो.

बघितलं नाही. सांगितलंही नाही. तोही पुन्हा विचारायला आला नाही. गाडी बंद पडली तर त्याच्या घरात दुसरं काही नव्हतं, होडी गेलेली होती, हे मला माहीत होतं. पण माहीत असलेल्या गोष्टींचा माझ्याकडे तोटा नव्हता.

महिनाभरात पालघरच्या पंपावरही जुनं पेट्रोल येईनासं झालं. नाखव्याने टाकी नव्या पेट्रोलने भरली. त्यानंतर दोन-चार दिवसांनी बेटेगावच्या वळणावर मला गाडीच्या मागून काहीतरी घरंगळल्याचा आवाज आला. वळण डावीकडे असलं की उजवीकडे, उजवीकडे असलं की डावीकडे. डब्यात गोट्या हलाव्यात तसा. मागचे तिघे पेंगत होते.

"ते काय वाजतंय?" मी विचारलं.

तो जरासा हसला. त्या हसण्यात एक समाधान होतं, आपली अडचण आपण निस्तरल्याचं.

"शिसं," तो म्हणाला. "टाकलंय टाकीत."

जाळ्याच्या खालच्या दोराला शिशाच्या गोळ्या ओवलेल्या असतात, जाळं तळाला बसावं म्हणून. होडी विकली तेव्हा त्याने जाळीही विकली होती, पण एक जाळं ठेवलं होतं, वडलांच्या हातचं. त्याच्या गोळ्या सोडवून, रॉकेलमध्ये धुऊन, पुसून त्याने एकेक करून पेट्रोलच्या टाकीत सोडल्या होत्या. पेट्रोलमधलं शिसं सरकारने काढून घेतलं, तर आपण आपलं घालू. शिसं त्याच्या घरात तीन पिढ्या होतं. कोळ्याला शिसं कुणी शिकवायला नको.

त्याचा विचार कुठे चुकला होता? शेठनी वाचलेल्या भाषणाप्रमाणे कुठेच नाही. जे वाक्य ऐकायला मिळायला हवं होतं ते लाल पेनखाली गेलं होतं.

मी खिडकीतून बाहेर पाहत हसू दाबलं, आणि मनात वाक्यं जुळवू लागलो. कारण गोष्ट फारच चांगली होती.

प्रयोगशाळेत मी ती साडेअकराच्या चहाला सांगितली. मी गोष्टी चांगल्या सांगतो. गोळ्यांचा आवाज काढून दाखवला, वळणं हाताने दाखवली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ती कँटीनमध्ये पोचली होती आणि तिथे टाकीत जाळंही गेलं होतं. संध्याकाळी कारखान्याच्या फाटकावरचा उत्तर भारतीय पहारेकरी गाडीत डोकावून म्हणाला, "नाखवा, टंकी में मच्छी पाली है क्या?" स्टोअर्सवाल्याने नाकावरचा रुमाल काढून विचारलं, "आज काही लागलं का गळाला?"

नाखव्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. गोष्ट कुणी सांगितली हे कळायला त्याला फार विचार करावा लागला नसणार. विचारलं त्याने फक्त मला होतं, आणि सांगितलंही फक्त मला. त्या दिवशीही त्याने मला घराच्या फाटकाशी सोडलं. त्याचं नेहमीचं वाक्य मात्र तो म्हणाला नाही.

कारखान्यातलं हसणं आठवडाभर टिकलं. मग ते प्रशासन अधिकाऱ्याच्या टेबलावर पोचलं, आणि त्या टेबलावर पोचलेल्या कुठल्याही गोष्टीचं पत्र होतं. त्याने मला बोलावलं. पत्र टाइप करून तयार होतं: सदर वाहनाच्या इंधन टाकीत धातूचे तुकडे असल्याचे निदर्शनास आले असून, कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने कंत्राट रद्द करण्यात येत आहे.

"ठिणगी पडली तर?" तो म्हणाला. "चार माणसं जळतील. केमिस्ट म्हणून तुमचं मत खाली लिहा."

शिशाची ठिणगी पडत नाही. ते इतकं मऊ असतं की नखाने ओरखडा उठतो. हे शाळेतल्या मुलालाही सांगता येईल, आणि मी तर त्या पदार्थावर सबंध भाषण लिहिलेलं होतं. पण ठिणगी पडत नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, की या माणसाच्या डोक्यात हे आलं कुठून. मग भाषण निघालं असतं. भाषण मंडळाच्या पुस्तिकेत शेठच्या फोटोसकट छापून झालं होतं. प्रयोगशाळेच्या प्रमुखाची जागा रिकामी होती, आणि माझं नाव शेठपुढे गेलेलं होतं.

मी लिहिलं: इंधन टाकीत बाह्य धातू असणे योग्य नाही. खाली सही केली. वाक्य बरोबर होतं. मी लिहिलेली बहुतेक वाक्यं बरोबरच असतात.

गाडी त्या सबंध काळात एकदाही बंद पडली नव्हती, हे नोंदवण्यासाठी पत्रात जागा नव्हती.

पुढे काही वर्षांनी मला एका परदेशी मासिकात एक जाहिरात दिसली. जुन्या मोटारी हौसेने सांभाळणाऱ्यांसाठी होती ती. नव्या पेट्रोलमुळे इंजिनाचं नुकसान होऊ नये म्हणून टाकीत टाकायच्या धातूच्या गोळ्या, सुंदर डबीत, माहितीपत्रकासह. त्यांचा उपयोग होतो की नाही याची मला शंका आहे. पण ती जाहिरात पाहून कुणी गोट्यांचा आवाज काढला असेल असं वाटत नाही. मी ते पान फाडून बरेच दिवस जपून ठेवलं होतं. कुणाला दाखवायचं होतं, कोण जाणे.

तर कंत्राट गेलं. आम्हाला नवी जीप मिळाली. तिला कसलाच वास नव्हता आणि तिचा ड्रायव्हर आम्हा सगळ्यांनाच स्टेशनवर उतरवायचा. मी प्रयोगशाळेचा प्रमुख झालो. पावसाळा सरल्यावर एका रविवारी मी एसटीने मुरब्याला गेलो. का गेलो ते सांगणं सोपं नाही. माफी मागायला गेलो होतो असं म्हणायला आवडेल, पण तसं काही बोलायचं मी ठरवलेलं नव्हतं.

घर विचारावं लागलं नाही. आकाशी गाडी दुरूनच दिसली. चाकांखाली विटा होत्या आणि टपावर जाळं वाळत टाकलं होतं. शेजारी बांबूंवर बोंबील वाळत होते. नाखवा ओट्यावर बसून एका दोरात शिशाच्या गोळ्या ओवत होता.

"बसा सायेब," तो म्हणाला. उठला नाही.

त्याच्या बायकोने आतून पाणी आणून ठेवलं. मी विचारण्याआधीच त्याने सांगितलं, की आता तो दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून जातो. बोटीचा नाखवा त्याच्या धाकट्या भावापेक्षाही लहान आहे. बोट लांब जाते, कारण जवळ आता काही लागत नाही. गाडीचं काय, असं मी विचारलं. कंत्राट गेल्यावर गावातल्या बायकांनीही रिक्षा धरली, असं तो म्हणाला. टाकीत स्फोट होणार आहे असं त्यांनी बाजारात ऐकलं होतं.

मग त्याने एक गोळी उचलून माझ्या तळहातावर ठेवली.

"येवडे दिस टाकीत व्हती," तो म्हणाला. "वजन करून टाकली व्हती, काडून परत केलं. रतीबर कमी झाली नाय. मंग ते पेट्रोलात मिसळतं कसं?"

मी सांगितलं. या वेळी सगळं सांगितलं. पेट्रोलमध्ये मिसळतात ते धातूचं शिसं नसतं, शिशापासून केलेलं पाण्यासारखं पातळ रसायन असतं, ते विषारी असतं, त्याचं नाव काय, सगळं. नाव सांगताना माझी जीभ अडकली नाही. त्याने हातातला दोर थांबवून शेवटपर्यंत ऐकलं, मांडवाबाहेर उभं राहून ऐकलं होतं तसंच.

"हे भाषनात नव्हतं," तो म्हणाला.

"होतं. खोडलं गेलं."

त्याने मान हलवली. कुणी खोडलं हे त्याने विचारलं नाही.

"आन् गाडी? शिशाबिगर चालली असती?"

"सावकाश चालवली तर चालली असती," मी म्हणालो. "तुम्ही सावकाशच चालवत होता."

त्याने गाडीकडे पाहिलं. टपावरच्या जाळ्यातून पाण्याचे थेंब काचेवरून खाली येत होते.

"मी तुमाला उमरोळीला इचारलं व्हतं," तो म्हणाला.

आवाज चढलेला नव्हता. मला आठवतंय का, एवढंच तपासून पाहिल्यासारखा. तळहातावरची गोळी तशीच होती. पेट्रोलने इतकी स्वच्छ झाली होती की तिच्यावर दातांचे जुने ठसे दिसत होते. गोळी दोरावर घट्ट बसावी म्हणून दातांनी दाबतात, हे मला माहीत नव्हतं. ते ठसे बहुधा त्याच्या वडलांचे असावेत. शिसं हे हळूहळू भिनणारं विष आहे, असं मीच लिहिलं होतं.

मी गोळी परत दिली. त्याने ती दोरात ओवली, दाताखाली धरून दाबली, आणि पुढची घेतली.

मी निघतो म्हणालो. तो बरं म्हणाला. एसटी जिथे थांबते तो फाटा बराच लांब होता. मी एकटाच चालत गेलो.